कोबे: डोंगर आणि दर्या यांच्यामधलं बंदर, तीन मुक्कामांत नीट कसं पाहावं

जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत टोकियो, क्योतो, ओसाका ठरलेले असतात. कोबे आलंच तर ओसाकाहून अर्ध्या दिवसाची फेरी म्हणून येतं. लाल मनोऱ्यासमोर फोटो होतो आणि परतीच्या गाडीची वेळ होते. आमचं मत स्पष्ट आहे: कोबेला तीन मुक्काम द्यावेत. समुद्र आणि रोक्को डोंगररांग यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर हे शहर वसलेलं आहे. सकाळी बंदरात बोटीतून फिरायचं, दुपारी हजार मीटरच्या आसपास उंचीवर गार वाऱ्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी गरम झऱ्यात अंग शेकायचं, हे सगळं इथे साध्या लोकल गाड्यांनी जमतं.

आधी दिशा पक्की करा. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र. कोबेकर रोजच्या बोलण्यातही 'यामा-गावा' म्हणजे डोंगराची बाजू आणि 'उमि-गावा' म्हणजे समुद्राची बाजू असंच सांगतात. मोतोमाचीच्या दाइमारू दुकानात तर दरवाजांच्या पाट्याही याच भाषेत आहेत. कोकणात 'वरच्या अंगाला, खालच्या अंगाला' असा पत्ता सांगतात, त्यातलाच हा प्रकार. चढ लागला की तुम्ही उत्तरेला चालला आहात, मग नकाशा उघडायचीही गरज नाही.

मुंबईशी या बंदराचं नातं जुनं आहे. परदेशी व्यापारासाठी ते १ जानेवारी १८६८ ला खुलं झालं. ७ नोव्हेंबर १८९३ ला निप्पॉन यूसेन काइशा कंपनीची 'हिरोशिमा मारू' बोट इथूनच मुंबईला निघाली. जपानची दूरच्या समुद्रावरची ही पहिली नियमित बोटसेवा. तिच्यामागे जमशेटजी टाटांची भागीदारी होती आणि मुख्य माल होता आपल्याकडचा कापूस. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले अनेक भारतीय व्यापारी कोबेला येऊन स्थिरावले. शाकाहारी माणसाची इथे सोय होते, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

पोहोचणं, आणि स्टेशनांच्या नावांचा घोळ

पहिली चूक स्टेशनावरच होते. शहराचं केंद्र 'कोबे' स्टेशन नसून सान्नोमिया आहे. जेआरचं (जपान रेल्वे) 'कोबे' स्टेशन सान्नोमियाच्या पश्चिमेला दोन थांबे पुढे येतं आणि ते हार्बरलँड या बंदरकाठच्या भागासाठी सोयीचं आहे. बुलेट ट्रेनचं शिन-कोबे तिसरंच, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून सान्नोमिया भुयारी रेल्वेने एकच थांबा आहे, दोन-तीन मिनिटं लागतात. सान्नोमियातही जेआर, हानक्यू आणि हानशिन या खासगी रेल्वे, भुयारी रेल्वे आणि कोबे विमानतळाकडे जाणारी पोर्ट लायनर यांची स्टेशनं वेगवेगळी आहेत. ती एकमेकांना लागून आहेत, पण फाटकं निराळी आहेत. 'सान्नोमियाला भेटू' एवढंच ठरवलं तर चुकामूक नक्की, म्हणून कंपनीचं नावही सांगा. हॉटेल सान्नोमिया किंवा मोतोमाचीच्या परिसरात घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास इथूनच सुरू होतो.

ओसाकाहून येण्याचे तीन सोपे मार्ग आहेत. जेआरची शिन-काइसोकू म्हणजे मोजक्या थांब्यांची जलद गाडी ओसाका स्टेशनवरून वीस-बावीस मिनिटांत सान्नोमियाला पोहोचवते. हानक्यू आणि हानशिन या खासगी गाड्या उमेदाहून निघतात आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेर पोहोचतात. त्यांचं भाडं जेआरपेक्षा कमी पडतं. इथे एका शब्दाने फसगत होते. हानक्यू-हानशिनच्या 'तोक्क्यू' म्हणजे एक्सप्रेस गाडीला जादा पैसे लागत नाहीत, पण जेआरच्या 'तोक्क्यू'ला वेगळं तिकीट लागतं आणि ते नसेल तर गाडीतच वसुली होते. शिन-काइसोकूला अधिभार नाही. काही गाड्यांच्या नवव्या डब्यात मात्र 'ए-सीट' ही खास आसनव्यवस्था असते, तिला जादा पैसे पडतात. चुकून त्या डब्यात बसू नका. एवढ्या अंतरासाठी शिंकान्सेनचं तिकीट काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जेआर पास हानक्यू, हानशिन, भुयारी रेल्वे यांवर चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कान्साई विमानतळावरून थेट बस सान्नोमियाला सव्वा तासाच्या आत आणते. दुसरा पर्याय बोटीचा आहे, त्याबद्दल शेवटी. उतरल्या उतरल्या 'इकोका' हे पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या. त्यात ५०० येन अनामत असते. शहरातल्या जवळपास सगळ्या गाड्या, बस आणि छोटी दुकानं त्यावर चालतात. ते यंत्रावर रोख नोटांनी भरावं लागतं, म्हणून दहा-पंधरा हजार येन रोख जवळ ठेवाच. भारतीय पारपत्रावर जपानचा व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो. घड्याळ साडेतीन तास पुढे करा. जपानची वेळ १३५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि ती रेषा कोबेच्या शेजारच्या आकाशी शहरातून जाते. तिथलं तारांगण बरोबर त्या रेषेवर उभं आहे.

पहिला दिवस: बंदर

सुरुवात मेरिकेन पार्क या बंदरकाठच्या बागेपासून करा. मोतोमाची स्टेशनवरून समुद्राच्या बाजूला सरळ दहा-पंधरा मिनिटं चालायचं. जवळच अमेरिकन वकिलात होती, त्या 'अमेरिकन'चं जपानी कानांनी केलेलं रूप म्हणजे 'मेरिकेन'. वाटेत नानकिनमाची हा चिनी बाजार लागतो. बहुतेक खाऊत डुकराचं मांस किंवा चरबी असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी तिथे पोट भरायचा बेत करू नये.

पार्कच्या पूर्वेच्या कडेला भूकंप स्मारक आहे. तिथे आधी जा. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. मोडलेल्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा जसाच्या तसा ठेवला आहे: कलंडलेले दिव्यांचे खांब, फुटलेलं काँक्रीट, भेगांत शिरलेलं पाणी. प्रवेश मोफत आणि कधीही. अधिक समजून घ्यायचं असेल तर हानशिनच्या इवाया स्टेशनपासून दहा मिनिटांवर असलेल्या भूकंप संग्रहालयाला दोन तास द्या. सोमवारी ते बंद असतं. किल्लारीच्या आठवणी असलेल्या घरातल्या माणसाने ते चुकवू नये. पुनर्वसन, तात्पुरती घरं, एकट्या पडलेल्या वृद्धांचे प्रश्न, हे सारं तिथे नेमकेपणाने मांडलं आहे.

लाल पोर्ट टॉवर १९६३ चा, १०८ मीटर उंच आणि कमरेत निमुळता. आपल्याला डमरूच आठवतो. मोठ्या दुरुस्तीनंतर तो एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा उघडला. तिकिटं दोन प्रकारची आहेत, नुसत्या दालनांचं आणि छतावरच्या गच्चीसह. थोडे जास्त देऊन गच्चीचंच घ्या. तिथून डोंगर आणि बंदर एका नजरेत येतात आणि शहराची अरुंद पट्टी नीट कळते. मनोऱ्याजवळच्या धक्क्यावरून ४० ते ६० मिनिटांच्या बंदरफेऱ्या निघतात. कावासाकी आणि मित्सुबिशी या दोन्ही जहाजकारखान्यांजवळून बोट जाते. कधीकधी बांधकामातली किंवा दुरुस्तीला आलेली पाणबुडीही दिसते.

मनोऱ्याचा सर्वात चांगला फोटो मनोऱ्यापाशी मिळत नाही. पाण्यापलीकडे हार्बरलँडमध्ये 'मोझाइक' या दुकानसंकुलाच्या लाकडी सज्जावर जायचं आणि सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी जागा धरायची. जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये पाचच्या आधीच. दिवे लागल्यानंतरही आकाशात निळाई उरते, ती पंधरा-वीस मिनिटं खरी. पूर्ण काळोख झाला की मनोरा काळ्या पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

दुसरा दिवस: रोक्को चढून आरिमाच्या गरम झऱ्यांना उतरणं

कोबेतला हा सर्वात देखणा दिवस, आणि चुकीच्या दिशेने केला तर सर्वात त्रासाचा. डोंगर आधी आणि स्नान नंतर, हाच क्रम ठेवा. डोंगरावरचे रोपवे संध्याकाळी लवकर बंद होतात, आरिमाहून परतीची रेल्वे मात्र रात्रीपर्यंत असते. उलट दिशेने गेलात तर स्नानानंतर ओल्या केसांनी डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात बसची वाट पाहावी लागते.

१. हानक्यू कोबे-सान्नोमियाहून रोक्को स्टेशनला जा. गाडी 'फुत्सू' म्हणजे सर्व थांब्यांची धरा. तोक्क्यू रोक्कोला थांबत नाही, ती थेट ओकामोतोला नेऊन सोडते. साडेनऊच्या सुमारास निघालात तर उत्तम.

२. स्टेशनबाहेरून १६ क्रमांकाची शहर बस 'रोक्को केबल शिता'पर्यंत. साधारण पंधरा मिनिटं. बसमध्ये मागून चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी पैसे द्यायचे.

३. इथून केबल. जपानमध्ये 'केबल' म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, वणीच्या सप्तशृंगी गडावरच्या फ्युनिक्युलर ट्रॉलीसारखी. तारेवर लोंबकळणारा तो रोपवे. १९३२ पासूनची ही गाडी १.७ किलोमीटर अंतरात जवळपास ५०० मीटर चढते, दहा मिनिटांत. खालच्या बाजूच्या टोकाला बसा, मागे पसरत जाणारं शहर तिथून दिसतं.

४. वरच्या स्टेशनावरून डोंगरबसने गार्डन टेरेस या माथ्यावरच्या देखावा पाहण्याच्या जागी. इथे तास-दीड तास द्या. हवा स्वच्छ असेल तर ओसाकाचा उपसागर पूर्ण दिसतो. रोक्कोचं सर्वोच्च टोक ९३१ मीटर आहे, त्यामुळे शहरापेक्षा इथे पाच-सहा अंश गार असतं. ऑक्टोबरमध्येही जाकीट लागतं.

५. गार्डन टेरेसजवळूनच आरिमाचा रोपवे सुटतो. बारा मिनिटांत तो दरीवरून पलीकडे उतरतो. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खालची झाडी लाल-पिवळी होते, तेव्हा या बारा मिनिटांसाठी लांब रांग लागते. दुपारी दोनच्या आत बसा.

यात बिघडतं ते वाऱ्यामुळे. जोराचा वारा सुटला की रोपवे थांबतो, आणि हिवाळ्यात वार्षिक तपासणीसाठीही काही दिवस बंद असतो. म्हणून केबलचं तिकीट काढण्याआधी पायथ्याशीच विचारा: 'आरिमा रोपुवेई, उगोइते इमास का?' बंद असेल तर डोंगर पाहून त्याच वाटेने खाली या आणि सान्नोमियाहून रेल्वेने आरिमा गाठा: भुयारी रेल्वेने तानिगामी, तिथे शिनतेत्सु गाडीने आरिमागुची, तिथे पुन्हा बदलून एक थांबा. संध्याकाळी परतायचंही याच मार्गाने. सान्नोमियाहून थेट बसही आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती गच्च भरते.

आरिमा हे जपानच्या सर्वात प्राचीन झऱ्यांपैकी एक. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी इथे वारंवार येत असे. आसपास एकही ज्वालामुखी नाही, तरी पाणी कढत येतं. फिलिपीन समुद्राचा भूपट्ट जमिनीखाली घुसतो, त्यातून खोलवर सुटलेलं पाणी भेगांमधून वर चढतं, असं भूवैज्ञानिक सांगतात. म्हणून ते समुद्राहून खारट असतं आणि त्यात लोह भरपूर. वर येताना ते पारदर्शक असतं, हवा लागली की तांबूस मातीच्या रंगाचं होतं. हे 'किनसेन', सोनेरी पाणी. दुसरं रंगहीन पाणी ते 'गिनसेन', रुपेरी.

'किन नो यू' आणि 'गिन नो यू' ही दोन सार्वजनिक स्नानगृहं आहेत. एकच करायचं तर किन नो यू, तसं पाणी दुसरीकडे सहज मिळत नाही. दोन्हींना महिन्यातले काही मंगळवार सुट्टी असते, म्हणून दुसरा दिवस मंगळवारी येऊ देऊ नका. स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात. आत पूर्ण विवस्त्र जायचं, पोहण्याचे कपडे चालत नाहीत. आपल्याकडच्या माणसाला पहिली दोन मिनिटं अवघड जातात. आत कोणी कोणाकडे पाहत नाही, हे लक्षात आलं की संकोच गळतो. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने सर्वांग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, केस वर बांधायचे आणि मगच कुंडात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. किन नो यूत ४२ आणि ४४ अंशांची दोन कुंडं आहेत. आधी कमी उष्ण कुंडात, तेही पाच-सात मिनिटंच. बाहेर येऊन पाणी प्या, मग दुसरी फेरी. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी उतरू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर बाहेरच्या मोफत पाय-कुंडावर समाधान मानावं. पांढरा टॉवेल नेऊ नका, लोहाचे डाग जात नाहीत. गोंदवलेल्या अंगाला अनेक खासगी ओन्सेनमध्ये (गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत) बंदी असते, पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

तिसरा दिवस: हिमेजी, आणि परतताना पूल

सान्नोमियाहून शिन-काइसोकूने हिमेजी चाळीस मिनिटांवर आहे. किल्ला नऊला उघडतो, म्हणून आठच्या आधीची गाडी धरा. स्टेशनातून बाहेर पडताच रुंद रस्त्याच्या टोकाला पांढरा किल्ला दिसतो. सरळ वीस मिनिटं चालत जा. सध्याचा मुख्य बुरूज १६०९ मध्ये पूर्ण झाला आणि १९९३ पासून तो जागतिक वारसा आहे. १ मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना प्रवेश २,५०० येन केला आहे, १८ वर्षांखालच्यांना मोफत.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथली वाट लगेच कळते. महादरवाजा वळणात लपवण्याची आपली गोमुखी रचना असते, तसं इथे शत्रूला फिरवून फिरवून थकवलं आहे. बुरूज समोर दिसत असताना वाट उलटीकडे नेते. भिंतींतले त्रिकोणी-चौकोनी झरोके बंदुका आणि बाणांसाठी, म्हणजे आपल्या जंग्याच. आत बूट पिशवीत घालून हातात धरावे लागतात, आणि लाकडी जिने शिडीइतके उभे असतात. गुळगुळीत मोजे घातले तर पाय घसरतो. गुडघे दुखत असतील त्यांनी अंगणापर्यंतच जावं आणि शेजारच्या कोको-एन बागेत निवांत बसावं.

दुपारी परतीच्या वाटेवर आकाशी काइक्यो पूल पाहा. शिन-काइसोकू माइकोला थांबत नाही, आकाशीला उतरून मागून येणाऱ्या काइसोकू (जलद) किंवा फुत्सूने माइकोला जा. पुलाचा मधला गाळा १,९९१ मीटरचा. मूळ आराखडा १,९९० चा होता, पण १९९५ च्या भूकंपाच्या वेळी मनोरे उभे होते आणि जमीन सरकल्याने त्यांच्यातलं अंतर जवळपास एक मीटरने वाढलं. तसाच पूल पूर्ण केला आणि तो ५ एप्रिल १९९८ ला उघडला. २०२२ पर्यंत हा जगातला सर्वात लांब झुलता गाळा होता. पुलावर चालता येत नाही, पण माइकोच्या टोकाला पुलाच्या पोटातला सज्जा आहे, समुद्रापासून ४७ मीटर उंच, पायाखाली काही ठिकाणी काच. खाली ओढीच्या प्रवाहात मासेमारीच्या होड्या झगडत असतात. ते पाहत अर्धा तास सहज जातो.

कितानो आणि जेवणाची गोष्ट

पोहोचण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशी उरलेली सकाळ कितानोला द्या. सान्नोमियाहून डोंगराच्या बाजूला पंधरा मिनिटांचा चढ. इथे परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं आहेत. पाच-सात घरांचं एकत्र तिकीट घेण्याचा मोह टाळा, तिसऱ्या घरापासून फर्निचर एकसारखं वाटू लागतं. १९०३ चं 'मोएगी' आणि १९०९ चं वातकुक्कुटाचं घर, ही दोन पुरेत. त्यापेक्षा त्याच चढावर १९८५ चं संगमरवरी जैन मंदिर आणि खाली १९३५ ची मशीद पाहा. जपानमधली ही पहिली मशीद. १९४५ च्या बॉम्बफेकीतून आणि १९९५ च्या भूकंपातूनही ती वाचली.

याच भागात आणि सान्नोमियात भारतीय उपाहारगृहं आहेत, वरणभाताची सोय होते. बाकी जपानी जेवणात खरी अडचण मांसाची नसून 'दाशी'ची आहे. वाळवलेल्या माशाचा हा अर्क सार, नूडल्सचं पाणी, उकडलेल्या भाज्या, अगदी लोणच्यातही असतो. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की वेटर मांस काढून तोच रस्सा आणतो. म्हणून नेमकं सांगा: 'निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देस.' मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही. अंडं नको असेल तर 'तामागो'ही जोडा. जपानी करीच्या रस्स्यात बहुधा प्राण्यांची चरबी असते आणि मऊ गोड पदार्थांत अनेकदा जिलेटिन. डोंगराच्या दिवसासाठी ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. कचरापेट्या जवळपास नसतातच, तेव्हा रिकामी पिशवीही सोबत ठेवा. मांसाहारींनी कोबे बीफ दुपारीच खावं, तीच जागा रात्री बरीच महाग पडते. खरं कोबे बीफ ह्योगो प्रांतातल्या ताजिमा जातीच्या जनावरांचंच असतं आणि ठरलेली प्रतवारी पार केल्यावरच त्याला ते नाव मिळतं.

साके या तांदळाच्या जपानी दारूमध्ये रस असेल तर हानशिनच्या सुमियोशी स्टेशनजवळ हाकुत्सुरू या साके बनवणाऱ्या कंपनीचं संग्रहालय मोफत आहे. चार वाजण्याआधी पोहोचा.

फोनवर अचानक कर्कश भोंगा वाजला तर तो भूकंपाचा इशारा असतो. बाहेर धावू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका. बंदराजवळ असताना धक्का जोराचा किंवा लांबलेला असेल तर घोषणेची वाट न पाहता डोंगराच्या बाजूला चालू लागा.

निघताना कान्साई विमानतळाला बसऐवजी बोटीने जाता येतं. पोर्ट लायनरने कोबे विमानतळ १८ मिनिटं, तिथून धक्क्यापर्यंत बस, मग अर्ध्या तासाची बोट. वादळी दिवसांत ती रद्द होते, त्यामुळे सप्टेंबरात सकाळी उठल्याबरोबर चौकशी करा आणि शंका असेल तर बस धरा. बोट मिळाली तर मागच्या बाजूची जागा घ्या. रोक्कोची रांग आणि तिच्या पायथ्याशी पसरलेलं शहर तिथून बराच वेळ दिसत राहतं.